कानातली सवत

धाकटीला पहिला संशय आला तो नवऱ्याच्या हसण्यावरून. तो काच कापत होता आणि गालातल्या गालात हसत होता. काच कापताना हसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. कटर काचेवरून फिरू लागला की हा माणूस श्वाससुद्धा जपून घ्यायचा. शेजारचं घर पेटलं तरी "थांब, एवढी रेघ होऊ दे" म्हणणारा. आणि त्या दिवशी मात्र मान जराशी कलती करून, कोणी कानाशी लागून काहीतरी चावट बोलल्यासारखा, लाजत हसत होता.

"काय झालं हो?" तिनं दारातून विचारलं.

"कुठं काय?" तो म्हणाला, आणि ते हसू त्यानं चटकन गिळलं.

घर वर आणि दुकान खाली. फोटोंना चौकटी करायच्या, आरसे बसवायचे, फुटलेल्या खिडक्यांना काचा लावायच्या, हा त्याचा धंदा. गल्लीत त्याला सगळे काचवालाच म्हणत. धाकटी तीन बहिणींतली शेवटची. माहेरचं नाव सासरी आलं, सासरहून कामावर गेलं आणि कोपऱ्यावरच्या लाँड्रीतही ती सगळ्यांची धाकटीच झाली. आता लाँड्रीत काम करणाऱ्या बाईला नवरे कसे पकडले जातात हे वेगळं शिकवावं लागत नाही. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासणं हे तिचं रोजचंच काम. कोटाच्या आतल्या खिशातून कोणाची नाटकाची दोन तिकिटं निघत, कोणाचं एकच कानातलं. कॉलरला ज्या अत्तराचा वास यायचा ते घरच्या बाईचं नसायचं, कारण घरच्या बाईचे कपडे त्याच गाठोड्यात असत.

तिथं डाग काढणारी एक वयस्कर बाई होती, तिला सगळे डागमावशी म्हणत. धाकटीनं आडून आडून विषय काढला. मावशीनं ब्रश खाली ठेवला.

"म्हणजे एकटाच हसतो?"

"हो."

"जेवणात लक्ष?"

"नाही."

"बाई आहे," डागमावशी म्हणाली, आणि पुन्हा डागाला लागली.

धाकटीनं घरी येऊन नवऱ्याचे सगळे खिसे उलटे केले. काचेची भुकटी, बारीक खिळे, पेन्सिलीचा तुकडा. सदऱ्याला वास गोंदाचा आणि लाकडाच्या भुशाचा. दुसऱ्या दिवशी तिनं हे सांगितलं तेव्हा डागमावशीनं मान हलवली. "काहीच सापडत नाही? मग बाई हुशार आहे."

झालं! आता तर हुशारही निघाली. कोण असेल, कशी असेल, कुठं भेटत असतील, या विचारांनी धाकटीचं डोकं पोखरून निघालं. दोन दुकानं सोडून राहणारी केस कापणारी तिला आवडेनाशी झाली. आरसा दुरुस्तीला घेऊन आलेल्या एका बाईला तिनं इतकं तिखट उत्तर दिलं, की ती बिचारी आरसा तसाच काखेत मारून परत गेली.

मग एका दुपारी ती कामावरून लवकर आली. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. आतून त्याचा आवाज येत होता, हलका, मऊ. "नाही गं... तसं नाही... बरं, मग तूच सांग."

तो 'गं' धाकटीच्या काळजात रुतला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात असा 'गं' तिच्या वाट्याला आला होता. पुढे पुढे "ऐकलंस का" आणि "चहा झाला का" एवढ्यावर संसार आला. तिनं शटर खाडकन वर ढकललं. भिंतीला टेकून आरसे उभे होते. प्रत्येक आरशात ती स्वतः, लाल झालेली, आणि प्रत्येक आरशात तो, दचकलेला. तिसरं कोणी एकाही आरशात नव्हतं. फोनही नव्हता, तो तिनंच सकाळी वर चार्जिंगला लावला होता.

"कोणाशी बोलत होतात?"

तो स्टुलावर बसला. पकडला गेलेला माणूस घाबरतो, तसा तो घाबरला नाही. उलट डोक्यावरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखा दिसला.

"तुला ऐकू येत नाही ना ती?"

"कोण?"

"तेच तर. मलाच येते." मग त्यानं सगळं सांगितलं. गेले काही महिने एक बाई त्याच्याशी बोलते. सुरुवातीला त्याला वाटलं शेजारचा रेडिओ असेल. नंतर ती त्याच्या कामाबद्दल बोलू लागली. रेघ सरळ आली की शाबास म्हणायची. गिऱ्हाईक कटकट करून गेलं की त्याची नक्कल करायची. "आणि मला अरेतुरे करते," तो म्हणाला, आणि पुन्हा तसंच हसला. "'अरे वेड्या' म्हणते."

खरं म्हणजे धाकटीला त्या क्षणी भीती वाटायला हवी होती. भीती आलीही, पण नंतर. आधी आला तो मत्सर. इतक्या वर्षांत तिनं या माणसाला कधी अहोजाहो सोडून हाक मारली नव्हती, आणि ही कोण कुठली, 'अरे' म्हणून मोकळी! हाडामांसाची बाई असती तर तिच्या दारात जाऊन चार शब्द सुनावले असते, वेळ पडती तर झिंज्या उपटल्या असत्या. पण जिला झिंज्याच नाहीत तिला धरायचं कुठं?

डागमावशीला तिनं सांगितलं, "माझा संशयच खोटा होता." दुसऱ्या बाईची गोष्ट सांगायला तिला लाज वाटली नव्हती. ही गोष्ट मात्र तिच्या तोंडून निघेना.

आणि मग तिला एक विचित्र खोड लागली. ती रोज त्या बाईची चौकशी करू लागली. आवाज कसा आहे? जाड की नाजूक? वय काय असेल? तो बिचारा प्रामाणिकपणे सांगायचा. आवाज थोडा घोगरा आहे, सर्दी झाल्यासारखा. वयाचं सांगता येत नाही. गाते का? नाही, पण गुणगुणते. धाकटी हे सगळं ऐकून घ्यायची आणि मग भांडी घासताना अशी आपटायची की खालच्या काचा थरथरत.

या नादात आपला माणूस हातचा चाललाय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. त्यानं अंघोळ टाळायला सुरुवात केली. दाढी वाढली. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायचा आणि ते कुठं सोडलं हे त्याला आठवायचं नाही. एकदा ती दुकानात गेली तर गिऱ्हाइकांचे सगळे फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेले. "ते ऐकतात," तो म्हणाला. ती बाईही आता पहिल्यासारखी गोड राहिली नव्हती. कधी रागवायची, कधी हुकूम सोडायची. दुकान उघडू नकोस. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवू नकोस.

आणि एका सकाळी त्यानं चहाचा कप हातानं बाजूला सारला.

"ती म्हणते यात काहीतरी घातलंय."

"कोणी घातलंय?"

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला.

धाकटीनं तो कप उचलला आणि त्याच्यादेखत घटाघटा पिऊन टाकला. जीभ पोळली. पण त्या पोळण्यापेक्षा जास्त आग दुसऱ्या गोष्टीची झाली. ज्या बाईनं कधी त्याचा सदरा धुतला नाही, कधी त्याच्या उशाशी बसली नाही, तिचा शब्द खरा, आणि हिचा चहा खोटा!

त्या दुपारी तिनं जे केलं ते रागानं केलं की प्रेमानं, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. तिनं केस सोडले, दुकानात उतरली, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि घसा जरा घोगरा करून म्हणाली, "अरे वेड्या, चल ना जेवायला."

तिला वाटलं होतं तो हसेल.

तो वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. "तुला कसं माहीत ती कशी बोलते?" तो मागे सरकत म्हणाला. "तू तिला ओळखतेस. तुम्ही दोघी मिळालेल्या आहात." आपणच हे सगळं तिला सांगितलं होतं, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. त्यानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं, शटर खाली ओढलं आणि आतून कडी लावली. आत काचांचे मोठाले तक्ते होते, आणि तो एकटा होता. एकटा तरी कसा म्हणावा?

धाकटीनं शटर बडवलं, रडली, शपथा घातल्या. शेवटी नणंदेला फोन केला.

नणंद, म्हणजे त्याची मोठी बहीण, पोहायला शिकवायची. तलावाच्या या काठावरून त्या काठाला पोचणारा तिचा आवाज. धाकटीला ती कधीच फारशी आवडली नव्हती. भावाचं सगळं आपल्यालाच कळतं असा तिचा तोरा. त्या दिवशी ओले केस तसेच गुंडाळून ती आली आणि धाकटीला वाटलं, आता ही ओरडणार. पण ती शटरला पाठ टेकून खाली फरशीवर बसली आणि कधी नव्हे इतक्या हळू बोलली.

"मी ताई आहे. घाई नाही. इथं बसलेय."

बराच वेळ काही झालं नाही. मग आतून आवाज आला, "ताई, तुला ऐकू येते का ती?"

"नाही रे. पण तू घाबरलायस एवढं ऐकू येतंय."

कडी निघाली. धाकटीनं इतकं रडून जी निघाली नव्हती, ती नणंदेच्या चार वाक्यांनी निघाली. त्याला धड बघून धाकटीचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच जिवाला नणंदेचा हेवाही वाटला. माणसाच्या मनात एका वेळी किती काय मावतं!

दवाखान्यात त्याला काही दिवस ठेवून घेतलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी दोघींना समोर बसवून सांगितलं, "याला स्किझोफ्रेनिया म्हणतात."

"म्हणजे एका माणसात दोन माणसं, तेच ना?" धाकटीनं विचारलं.

"नाही, ते सिनेमात. हे एकच आहेत, तुमचेच आहेत. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात काही ना काही बोलणं चाललेलं असतं. ते आपलंच आहे, हे मेंदू आपोआप ओळखतो. या आजारात ती ओळख चुकत असावी, असं आम्हाला वाटतं. त्यांना तो आवाज बाहेरून आल्यासारखा ऐकू येतो. माझा आवाज तुम्हाला येतोय ना, इतका खरा. चहाचा संशय, फोटोंची भीती, अंघोळ टाळणं, बोलता बोलता अडकणं, हे सगळं त्यातलंच. आळस नाही आणि दुष्टपणा तर नाहीच."

धाकटीनं मान खाली घातली. "मी तिच्यासारखं बोलले म्हणून झालं का?"

"त्या दिवशी ते घाबरले, ते त्यामुळे. पण आजार तुमच्या एका शब्दानं आलेला नाही; तो आधीपासून होता. पुढे मात्र एवढं सांभाळा. ती नाहीच, असं म्हणून भांडू नका. आहे म्हणून होला होही मिळवू नका. ती बोलली की तुम्हाला काय वाटतं, एवढं त्यांना विचारा."

नणंद औषधांचं विचारायला लागली. धाकटीच्या मनात मात्र एकच प्रश्न अडकून बसला होता. तो विचारावा की नाही, करता करता तिनं विचारला.

"बाईच का पण? आणि बाईच हवी होती, तर माझा आवाज का नाही?"

नणंदेनं चमकून पाहिलं. डॉक्टर हसल्या नाहीत. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही. बऱ्याच जणांना शिव्या देणारे आवाज येतात. यांना आधी कौतुक करणारा आला. का, ते कोणाला सांगता येणार नाही."

तो घरी आला तो गोळ्यांची पाकिटं घेऊनच. झोप वाढली, अंग सुटलं, हात किंचित थरथरू लागले, म्हणून काच कापणं तूर्तास बंद. नुसत्या चौकटी जोडायच्या. चहा मात्र पिऊ लागला. फोटो पुन्हा सरळ झाले. आणि हळूहळू त्या बाईचं बोलणं लांब लांब जात राहिलं, जसं रस्त्यावरून जाणाऱ्याचं बोलणं वळणावर विरतं. एका सकाळी तो म्हणाला, "दोन-तीन दिवस झाले, आली नाही."

"गेली एकदाची!" धाकटी म्हणाली. त्या दिवशी लाँड्रीत तिनं इतक्या झपाट्यानं इस्त्री केली की डागमावशीनं विचारलं, "काय गं, लॉटरी लागली का?" तेव्हा तिनं पहिल्यांदा मावशीला खरं काय ते सांगितलं. मावशीचा ब्रश थांबला. "माझ्या भावाला असंच होतं," ती शेवटी म्हणाली. "आम्ही त्याला देवभोळा म्हणायचो. कोणी दवाखान्यात नेलंच नाही." आणि मग बराच वेळ ती एकाच डागावर ब्रश फिरवत राहिली.

पण सवत गेली म्हणून नवरा परत आला, असं काही झालं नाही. तो दुकानात हातात चौकट घेऊन तासन्‌तास बसून राही. एकदा तर त्याचे डोळे भरलेले दिसले.

"दुखतंय का काही?"

"नाही. घरातलं कोणी गेल्यासारखं वाटतंय."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती होती तेव्हा जळले, आता ती गेली तर तिचं सुतकही मीच पाळू? पण डॉक्टरांचं आठवून ती गप्प राहिली. गप्प राहणं तिला जमत नव्हतं, पण राहिली.

मग एका सुटीच्या सकाळी, ती गोळी आणि पाणी घेऊन आली, तेव्हा तो म्हणाला, "ठेव. मी घेत नाहीये. तू गेलीस की थुंकतो."

"का?"

"ती यावी म्हणून."

आता मात्र तिचा बांध फुटला. तिनं ग्लास इतक्या जोरात ठेवला की पाणी उडालं. "माझ्यात काय कमी आहे हो? एवढं एकदा सांगा. तिनं तुमचं काय केलं? तुम्हाला घाबरवलं, उपाशी ठेवलं, माझ्यावर विषाचा आळ घेतला. आणि तरी तीच हवी?"

औषधांनी त्याचं बोलणं मंद झालं होतं, पण वाक्य आता अर्ध्यावर सुटत नव्हतं.

"तुझ्यात काही कमी नाही," तो म्हणाला. "पण तू सकाळी जातेस, संध्याकाळी दमून येतेस. मी दिवसभर खाली. गिऱ्हाईक येतं, माप देतं, जातं. मी केलेली रेघ कोण बघतं? ती बघायची. नंतर वाईट वागली, माहितीये मला. पण आधी बघायची."

हे बोलणं आजाराचं नव्हतं, नवऱ्याचं होतं. आपण त्याच्या हसण्यावर इतकी पाळत ठेवली, पण त्याआधी तो कितीतरी महिने हसलाच नव्हता, ते कुठं दिसलं आपल्याला?

ती त्याच्याजवळ बसली. "सांगा मग," ती म्हणाली. "कशी होती ते सांगा. चांगलं तेच सांगा आधी."

त्यानं सांगितलं. ती काय काय म्हणायची, कोणाची नक्कल कशी करायची, गुणगुणायची कसं. या वेळी धाकटीनं वयाची चौकशी केली नाही. प्रत्येक गोष्टीगणिक तिला आत टोचत होतं, एखाद्या मेलेल्या माणसाच्या बायकोचं सांत्वन करायला जावं आणि त्या माणसाला आपणही जीव लावला होता असं व्हावं, तसलं काहीतरी उलटंसुलटं. दोन ठिकाणी ती उठून खिडकीपाशी जाऊन आली. एका नकलेला मात्र ती स्वतःही हसली, कारण ती नक्कल नणंदेची होती आणि हुबेहूब होती.

"पण गोळ्या सोडल्यात तर परत येईल ती पहिली येणार नाही," शेवटी धाकटी म्हणाली. "चहा बाजूला सारायला लावणारी येईल. आणि मी घाबरते तिला. खरंच घाबरते."

त्यानं गोळी उचलली आणि पाण्याबरोबर गिळली. दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. त्यांनी औषध बदलून दिलं. हातांची थरथर कमी झाली.

ही सगळी गोष्ट गोड झाली, असं म्हणता येणार नाही. ताणाचे दिवस आले की ती बाई अजूनही डोकावते. तो सांगतो, "आज आली होती." धाकटी विचारते, "मग, कसं वाटलं?" आणि उत्तर ऐकेपर्यंत तिच्या मनात एक काटा असतोच. लाँड्रीतून दुपारी ती आता तासभर घरी येते. त्याच्याबरोबर जेवते आणि चौकटीचे कोपरे बघते. कोपऱ्यातलं तिला फारसं कळत नाही. एकदा तिनं "हा जरा उघडा वाटतोय" म्हटलं, तर त्याला राग आला. दोघं संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत, अगदी जुन्या दिवसांसारखे.

परवाच्या भेटीला डॉक्टर म्हणाल्या, "आज मी यांच्याशी एकट्यांशी बोलते." दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर धाकटी बसली. आतून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग तो हसला. पाठोपाठ डॉक्टर हसल्या.

असं काय असेल, जे हे मला सांगत नाहीत आणि डॉक्टरांना सांगतात? धाकटी बाकावरून दाराच्या दिशेनं जरा सरकली. आणखी जरा सरकणार, तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तुमचे कोण आहेत आत?"

"नवरा."

"माझी मुलगी आहे, पलीकडच्या खोलीत. आज पहिल्यांदा आणलीय." बाईंच्या हातातल्या पिशवीचा बंद पिळून पिळून दोरीसारखा झाला होता. "ती म्हणते, भिंतीतून कोणी बोलतं. मी तिला सांगून सांगून दमले, कोणी नाही गं, कोणी नाही. ऐकतच नाही."

धाकटीनं दाराकडे एकदा पाहिलं. मग ती बाईंकडे वळून बसली.

"तसं नका सांगू," ती म्हणाली. "मी सांगते, काय करायचं."